मी टेकडीवर काय करते

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. वर्धापनदिनाला मी दरवर्षी असते, पण मागे, मसालेभाताच्या पातेल्यापाशी. ह्या खेपेला ताईंनी ठरवलं की 'माझा छंद' ह्या विषयावर तिघींनी बोलायचं. एकीने भरतकाम घेतलं, एकीने गच्चीवरची भाजी घेतली, आणि तिसरी म्हणून माझं नाव निघालं. मी म्हटलं, "अहो ताई, मी सातवी पास बाई, मला कसला आलाय छंद!" त्या म्हणाल्या, "तू टेकडीवर जातेस ना, तेच सांग की."

ताई चांगल्या मनाने बोलल्या. पण टेकडीचं नाव निघाल्याबरोबर मागच्या सतरंजीवर दोघींनी एकमेकींना कोपर मारलं, ते मला इथून दिसलं बरं का. गेल्या पावसाळ्यापासून माझ्याविषयी जे बोललं जातं ते माझ्या कानावर आलं आहे. ही रोज संध्याकाळी एकटी जाते. हातात भाजीची पिशवी नसते. देवळाकडे वळत नाही. झाडाआड उभी राहून इकडेतिकडे बघते, आणि कोणी आलं की मोबाईल कानाला लावते.

बायांनो, हे सगळं खरं आहे. 'रोज' तेवढं खोटं, मी आठवड्यातून दोनदा जाते. रोजची भर तुमची. झाडाआड मी उभी राहते. इकडेतिकडे बघते ते कोणी पाहत नाही ना म्हणून. आणि मोबाईल कानाला लावते तेव्हा पलीकडे कोणीसुद्धा नसतं. आता मी तिथे काय करते ते ऐका, आणि मग बोलायचं ते बोला.

मी डब्या शोधते.

हसा, मीही पहिल्यांदा हसलेच होते. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा जर्मनीत शिकायला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तो आमच्याकडे आला. तेव्हा आमच्या सासूबाईंना जाऊन चार महिने झाले होते. सहा वर्षं त्या अंथरुणावर होत्या, हे तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यातल्या कितीजणी तरी येऊन बसत, मी तेवढ्यात दळण आणि बँक उरकून येई. त्या सहा वर्षांत मी सलग एका तासापेक्षा जास्त घराबाहेर राहिले नव्हते. त्या गेल्या, मुलगा होस्टेलवर गेला, हे सकाळी आठला जातात ते रात्री आठला येतात. दुपारी तीनला मी उठत असे, औषधाची वेळ झाली म्हणून. उठून उभी राहिल्यावर आठवे. मग तशीच थोडा वेळ उभी राही.

भाच्याने ते पाहिलं असावं. बोलला काही नाही. एका दुपारी म्हणाला, "मावशी, चप्पल नको, बूट घाल. तुला एक मौज दाखवतो."

बूट माझ्याकडे कुठले! मुलाचे जुने घातले, पुढे कापूस कोंबून, आणि गेले त्याच्या मागून टेकडीवर. त्याच्या मोबाईलवर एक बाण होता आणि बाणाखाली आकडा, किती मीटर राहिलं त्याचा. चारशे, दोनशे, चाळीस, सहा. सहावर आलो आणि तो म्हणाला, "आता मोबाईल विसर. आता डोळे." म्हटलं, शोधायचं काय? म्हणाला, "ते मी सांगणार नाही. इथे जे नैसर्गिक वाटत नाही ते बघ."

अर्धा तास गेला. पालापाचोळा चाळला, ढोपराला काटा लागला, मुंगळा चावला. शेवटी मला एक दगड दिसला. बाकीचे दगड मातीत रुतलेले होते आणि हा नुसता ठेवलेला. उचलला. मागे कपारीत काळी डबी, पूर्वी फोटोच्या रिळाची येत असे ना, तेवढी. झाकण उघडलं तर आत कागदाची गुंडाळी आणि तिच्यावर माणसांची नावं, तारखा. आपल्याआधी ज्यांना ती सापडली त्यांची.

मैत्रिणींनो, घरात कोणाचं काही हरवलं की मला विचारतात. चष्मा, किल्ली, मोज्याचा दुसरा पाय, विम्याचा कागद. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पंचवीस वर्षं मी शोधतेच आहे. पण ते सगळं दुसऱ्यांनी हरवलेलं. ही डबी कोणी हरवलेली नव्हती. कोणाला तरी सापडावी म्हणूनच कोणीतरी ठेवलेली होती, आणि ती मला सापडली. मी तिथे मुलाच्या बुटांत उभी राहून हसत सुटले. भाचा म्हणाला, "सही कर." मी माझं पूर्ण नाव लिहिलं, मध्ये ह्यांचं नाव, मग आडनाव, मग खाली गाव. तो ओरडला, "अगं मावशी, सगळा कागद संपवलास!"

तर ह्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. जिओ म्हणजे पृथ्वी, कॅश म्हणजे पैसा नव्हे, लपवून ठेवलेली वस्तू. मी आपलं डबीशोध म्हणते. गंमत अशी की माझं लग्न आणि हा खेळ एका सालचे, २००० सालचे. अमेरिकन सरकारचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात, सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून. ते फक्त एवढंच सांगत असतात, की मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. तो निरोप पोचायला किती उशीर झाला ह्यावरून आपला मोबाईल ओळखतो की हा उपग्रह किती लांब आहे. असे निदान चार उपग्रह मिळाले की आपण पृथ्वीवर नेमकं कुठे उभं आहोत ते कळतं. पण पूर्वी सामान्य माणसांसाठी अमेरिकन सरकार त्या निरोपात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभरेक मीटरचा फरक पडे. २ मे २००० ला ती चूक मिसळणं बंद झालं. आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातल्या रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, एक बेचकी आणि आणखी बारीकसारीक वस्तू घातल्या, आणि ती जागा आकड्यांत लिहून इतरांना कळवली. तीन दिवसांच्या आत माइक टीग नावाच्या दुसऱ्या गृहस्थांना ती सापडली. आज जगात अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात आहे. २००८ साली एका प्रवाशाने अंतराळ स्थानकावरसुद्धा ठेवली. तिथे कोण शोधायला जाणार ते देव जाणे.

त्या पहिल्या बादलीत एक घेवड्याच्या दाण्यांचा सीलबंद डबाही होता. तो लक्षात ठेवा, त्याची गोष्ट पुढे येणार आहे, आणि त्यात माझी फजिती आहे.

हे आकडे म्हणजे काय, तर अक्षांश-रेखांश. आपलं पुणं म्हणजे उत्तरेला १८ अंश ३१ मिनिटं, पूर्वेला ७३ अंश ५१ मिनिटं. भाचा मला हे समजावून सांगायला लागला आणि मी म्हटलं, "थांब, हे मला येतं." वाईजवळ आमचं गाव. सातवीला गुरुजींनी पृथ्वीचा गोल आणला होता, त्याला आफ्रिकेवरून तडा गेलेला. आडव्या रेघा अक्षांश, उभ्या रेखांश. हा प्रश्न मला परीक्षेला आला होता आणि मला पैकीच्या पैकी मार्क होते. सातवीच्या पुढे गावात शाळा नव्हती. पुढची शाळा आठ किलोमीटरवर, सकाळची एसटी एकच, आणि घरात धाकटी भावंडं. तेव्हा ते अक्षांश-रेखांश तिथेच राहिले. तीस वर्षांनी टेकडीवर उपयोगी पडतील असं गुरुजींनाही वाटलं नसेल.

अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १८५० मीटर. डबीचा पत्ता मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहितात, म्हणजे जवळजवळ दोन मीटरपर्यंत. आता एका आकड्याने काय होतं ते ऐका. काही डब्यांचा पत्ता सरळ देत नाहीत. आधी एका ठिकाणी जायचं, तिथे पायऱ्या किती, खांब किती ते मोजायचं, आणि ते आकडे पत्त्यातल्या रिकाम्या जागी भरायचे. मी मोजलं, खांब चार. माझ्या वहीत लिहिलं चार. वही दिली भाच्याच्या हातात. तो इंग्रजी शाळेत शिकलेला. आपला मराठी चार आणि त्यांचा इंग्रजी आठ! त्याने आठ वाचला. मिनिटाच्या चार दशांशाचा फरक, म्हणजे पाऊण किलोमीटर. बाण आम्हांला घेऊन गेला तो थेट एका भंगाराच्या दुकानामागे. आणि सांगितलंय काय, तर डबी शोधा! तिथे हजार डबे. तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे. आम्ही एकेक उचलून आत बघतोय. दुकानदार आला, म्हणाला, "बाई, किलोवर देतो, निवडून नाही." ते ऐकून मला घाम फुटला. घरी येऊन चहा पिताना भाच्याने वही पुन्हा पाहिली आणि कपाळावर हात मारला. आता मी आकडे अक्षरांत लिहिते.

वैताग म्हणाल तर पुष्कळ आहे. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचा निरोप भिंतींवर आपटून येतो, त्याला उशीर होतो, आणि बाण भोवऱ्यासारखा फिरतो. दाट झाडीतही तसंच. जिथे यावं तिथे नेमकी बॅटरी संपते. पावसात कागद भिजून लगदा होतो. डबी शोधून शोधून सापडत नाही, आणि सहा महिन्यांनी कळतं की ती केव्हाच चोरीला गेली होती, आपण नसलेली डबी शोधत होतो. जर्मनीत म्हणे गल्लोगल्ली डब्या आहेत. आपल्याकडे फार थोड्या. जवळच्या दोन-चार संपल्या की बसा हात चोळत. मी मग लग्नकार्याला परगावी जायचं झालं की आधी तिथे डबी आहे का ते बघते. नणंदेच्या मुलीच्या लग्नात, मुंबईला, सीमांतपूजन आणि जेवण ह्यांच्या मध्ये मी पाऊण तास नाहीशी झाले होते. जरीच्या साडीला लागलेली माती कोणाच्या लक्षात आली नाही अशी आशा आहे.

पण सगळ्यांत मोठी अडचण माणसांची. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही अशांना खेळातले लोक मगल म्हणतात. हॅरी पॉटरच्या गोष्टींत जादू न येणाऱ्या माणसांना तो शब्द आहे, तिथून घेतला. मगलांसमोर डबी काढायची नाही, कारण ते ती उचलून नेतात किंवा कचरा म्हणून फेकून देतात. म्हणून लपतछपत शोधायचं. आता सांगा, पुरुष माणूस एखाद्या भिंतीशी उगीच उभा राहिला तर कोणी विचारत नाही. पोरं कट्ट्यावर तासन्‌तास बसतात. बाई मात्र रस्त्यावर दिसली तर तिने कुठूनतरी निघून कुठेतरी जात असलं पाहिजे. दुधाला, दळणाला, देवाला. नुसतं उभं राहिलं की दोन मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "काय ताई, काही हरवलंय का?"

एकदा एका कुंपणाच्या भिंतीशी मी चाचपत होते. तिथला वॉचमन आला. काय सांगावं सुचेना, म्हणून सांगितलं, कानातलं पडलं. अरे देवा! तो भला माणूस स्वतः वाकून शोधायला लागला. जाणाऱ्या दोन मुलांना हाक मारली, त्यांनी दप्तरं टाकली आणि तीही लागली. वीस मिनिटं तिघं उन्हात माझं नसलेलं कानातलं शोधत होते, आणि माझ्या दोन्ही कानांत कुड्या होत्या, त्या मी पदराने झाकून धरलेल्या. तेवढ्यात एका मुलाने भिंतीच्या फटीतून एक डबी काढली, "हा कचरा आहे," म्हणाला आणि गटारात टाकली. तीच ती! तिघं गेल्यावर मी ती काडीने वर काढली, धुतली, पुसली, सही केली आणि जागेवर ठेवली. पण मला काही आनंद झाला नाही. त्या मुलांना मी खोटं बोलले होते. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी मोबाईल कानाला लावते. ते खोटं लहान आहे, आणि त्यात दुसऱ्याला वाकावं लागत नाही.

आता माझ्या स्वतःच्या डबीविषयी. भाचा परत जाण्याआधी त्याच्या मनात आलं की पुण्यात आपण एक डबी ठेवावी. पण त्याला नियम आहेत. खणून पुरायची नाही. जागेच्या मालकाची परवानगी पाहिजे. दुसऱ्या डबीपासून १६१ मीटर तरी लांब पाहिजे. आणि तिची देखभाल करणारं माणूस जवळपास राहणारं पाहिजे. ठेवून परदेशी निघून गेलात तर चालत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, तू बघशील?" जागा मिळाली, एका ओळखीच्यांच्या रोपवाटिकेत, त्यांना विचारून. खेळात टोपणनाव लागतं. "काय ठेवू?" म्हणाला. माझ्या हातात तेव्हा लाटणं होतं. म्हटलं, लाटणं ठेव. तर तुमच्यासमोर जी उभी आहे ती जगाच्या नकाशावर लाटणं ह्या नावाने नोंदलेली आहे.

ह्यांना ते सगळं ठाऊक होतं, पण त्यांना वाटलं भाचा गेला आणि खूळ संपलं. मीही बोलले नाही. पंचेचाळिशीची बाई पोराटोरांसारखी दगड उचलते, हे सांगायची लाज वाटली. म्हणून मी दुपारचं सगळं आटपून जात असे आणि हे यायच्या आत परत येत असे. आता वाटतं, तेच चुकलं.

डबी सांभाळणं म्हणजे लेकरू सांभाळण्यासारखंच. दर पंधरा दिवसांनी जाऊन बघायचं, वही कोरडी आहे ना, झाकण बसतंय ना. सासूबाईंच्या औषधांच्या बाटल्यांतून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या निघत, त्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या. कशाला ठेवल्या होत्या कोण जाणे. त्या आता उन्हात ठेवून मी डबीत घालते. दोन पावसाळे वही कोरडी राहिली.

पण पहिल्या संक्रांतीला मी घोटाळा केला. अशा मोठ्या डबीत लहानसहान वस्तू असतात. एक घ्यायची तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. माझ्या मनात आलं, सणाचा दिवस, येणाऱ्याचं तोंड गोड व्हावं. तिळगुळाच्या चार वड्या कागदात बांधून ठेवल्या. आठ दिवसांनी निरोप आला. बेंगळूरूचे एक गृहस्थ येऊन गेले होते. डबीत मुंग्यांची रांग, झाकणाची कड कुरतडलेली, वहीचे कोपरे खाल्लेले. त्यांनी रागावून नव्हतं लिहिलं, पण माझी मान खाली गेली. भाच्याला फोन केला. तो हसत म्हणाला, "मावशी, खाण्याची वस्तू ठेवायची नाही हा नियम आहे. जनावरांना वास येतो." मी म्हटलं, मग त्या पहिल्या माणसाने घेवड्याचा डबा कसा ठेवला? तो म्हणाला, तो सीलबंद होता, आणि तेव्हा नियम झाले नव्हते. तो डबा अजून जपून ठेवलेला आहे म्हणे, आणि मेळाव्यांना लोकांना दाखवायला नेतात. माझ्या तिळगुळाचं तसं काही झालं नाही.

आता शेवटची गोष्ट, जी सांगायची की नाही ह्याचा मी दोन दिवस विचार केला.

गेल्या श्रावणातली. टेकडीवर एक नवी डबी आली होती. तिच्यासाठी मी तीन वेळा गेले. करंजाच्या झाडाखाली शोधलं, मागच्या दगडांत शोधलं, तारेच्या कुंपणात शोधलं. तीन वेळा हात हलवीत परत. सापडली नाही तर तसं नोंदवायचं असतं, प्रामाणिकपणे, म्हणजे ठेवणाऱ्याला कळतं की डबी गेली की काय. मी तीनदा नोंदवलं. त्या तीन फेऱ्यांत मला आपल्यातलं कोणीतरी पाहिलं, आणि ते दुसऱ्या कोणालातरी सांगितलं, आणि ते फिरत फिरत ह्यांच्या कानावर गेलं.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "टेकडीवर कोण असतं?" मला आधी प्रश्नच कळला नाही. म्हटलं, असतात फिरायला येणारे. ते पानाकडे बघत म्हणाले, "तसं नाही. तुला भेटायला कोण असतं?"

मग कळला. घास तोंडात तसाच राहिला. सहा वर्षं मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं की ही कुठे जात का नाही. मला रडू आलं नाही, राग आला. पण काही बोलले असते तर भलतंच बोलले असते. म्हणून गप्प राहिले. ताटं उचलली, ओटा पुसला. आणि झोपताना सांगितलं, "उद्या रविवार आहे. बूट घाला. दाखवते कोण भेटतं ते."

सकाळी आम्ही निघालो. सबंध चढावर दोघं गप्प. वर जाऊन मी मोबाईल दाखवला, बाण दाखवला, करंज दाखवला, ही अशी उभी राहते, हे असं बघते, आणि कोणी आलं की मोबाईल कानाला लावते, सगळं करून दाखवलं. मग त्यांच्याकडे पाठ केली आणि चौथ्यांदा शोधायला लागले. ते जवळच्या लोखंडी बाकावर बसले, बुटाची नाडी सुटली होती ती बांधायला. उठताना त्यांनी बाकाच्या कडेला हात टेकला. आणि म्हणाले, "अगं, इथे खाली काय चिकटलंय?"

बोराएवढी डबी. पाठीला लोहचुंबक. बाकाच्या खालच्या पट्टीला. तीन फेऱ्या मी त्याच बाकावर पिशवी ठेवून झाडं हुडकत होते!

मी इतकी चिडले म्हणून सांगू! आदल्या रात्रीचा राग परवडला. तीन फेऱ्या माझ्या, काटे मला, बोलणी मला, आणि डबी ह्यांच्या बोटाला! हे मात्र झाकण उघडून, ती एवढीशी गुंडाळी उलगडून, चष्मा कपाळावर करून एकेक नाव वाचत होते. मग म्हणाले, "ह्यात आपण लिहायचं काय?" मी म्हटलं, लिहा तुमचं नाव, तुम्हांला सापडली. त्यांनी लिहिलं, 'लाटणं'. आणि खाली तारीख.

माफी वगैरे मागण्याची आमच्या घरी रीत नाही. पण त्या आठवड्यात ह्यांनी एक लहान विजेरी आणून ओट्यावर ठेवली, नुसती ठेवली, बोलले काही नाही. आणि आता जेवताना विचारतात, "वही कोरडी आहे ना?"

हे मी कोणाला टोचावं म्हणून सांगितलं नाही. ज्यांनी मला पाहिलं त्यांच्या जागी मी असते तर मीही कोपर मारलंच असतं. आत्तापर्यंत मला चौदा सापडल्या आणि नऊ नाही सापडल्या. माझ्या डबीच्या वहीत सदतीस सह्या झाल्या आहेत, त्यांतल्या अकरा परदेशी पाहुण्यांच्या. एकाने मी पहिल्या पानावर लिहिलेल्या मराठी ओळीखाली नुसता हसरा चेहरा काढला आहे. त्याला ती वाचता आली नसणार. आपल्या मंडळातली सही मात्र एकही नाही.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी आणि हे मंडळाच्या दारापाशी उभे असू. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. डबी कुठे आहे ते मी सांगणार नाही, बाण दाखवीन. पायांत बूट घाला, साडी थोडी वर खोचा, खाण्याचं काही आणू नका. आणि पेन आपापलं आणा, डबीतल्या पेन्सिलीचं टोक मोडलं आहे.